गावातल्या रस्त्याची कड नेमकी कोणाची?

धागाकर्ता

गावातून जाणाऱ्या रस्त्यांची तक्रार करायची म्हटली की आपण सगळे खड्ड्यांपासून सुरुवात करतो, आणि खड्डा बुजला की तक्रारही तिथेच मिटते. मी अनेक वर्षे एकाच रस्त्याने कधी पायी, कधी सायकलीने, तर कधी चारचाकीने ये-जा करतो. सुरुवातीला मीही खड्डेच मोजत होतो. हळूहळू लक्षात आले की नवा खड्डा बहुतेक वेळा डांबराच्या कडेपासून हातभर अंतरावर पडतो, दर वर्षी त्याच ठिकाणी पडतो, आणि तिथे कडेला एक तर पाणी साचलेले असते किंवा कोणाचे तरी वाहन उभे असते.

डांबर संपते तिथून बाजूच्या चरापर्यंतची जी मीटर-दीड मीटरची पट्टी असते, जिला आपण साइडपट्टी म्हणतो, तिच्यावर एकाच वेळी तिघांचा हक्क असतो. पावसाच्या पाण्याला तिच्यावरून चरात उतरायचे असते, थांबलेल्या वाहनाला तिच्यावर उभे राहायचे असते, आणि वेगळा पदपथ नसल्यामुळे पायी चालणाऱ्यालाही तिच्यावरूनच जायचे असते. वाहन उभे राहिले की चालणारा डांबरावर येतो. चाकांनी पट्टी खचली की पाणी साचते. पाणी साचले की चालणारा पुन्हा डांबरावर येतो आणि डांबराची कडही सुटू लागते. अपघात, पार्किंग आणि दुरुस्ती हे विषय मात्र आपण तीन वेगळ्या अर्जांत मांडतो, तीन वेगळ्या टेबलांवर देतो, आणि प्रत्येक टेबलावरून त्या भागापुरतेच उत्तर येते.

या तिन्हींचा विचार कडेपासून व्हावा, असे मला वाटते. ज्यांनी रस्त्याची कामे जवळून पाहिली आहेत त्यांनी यातले चूक-बरोबर सांगावे.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षे रस्त्यांच्या कामांवर देखरेख केली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. गावाकडच्या रस्त्यावरचा डांबराचा पातळ थर हे मुख्यतः छप्पर असते. वाहनाचे वजन त्याखालच्या खडीतून पसरत शेवटी मातीवरच जाते, आणि माती कोरडी असेपर्यंत ते निमूटपणे पेलते. स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडम (१७५६–१८३६) यांनी हेच आग्रहाने मांडले होते. त्या काळी रस्त्याखाली मोठमोठ्या दगडांचा पाया घालण्याची पद्धत होती. मॅकॅडम यांचे म्हणणे असे, की रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवा, पाणी बाहेर काढा, वर बारीक फोडलेल्या खडीचा घट्ट थर द्या, म्हणजे खालची साधी मातीही भार पेलेल. खडीच्या थराला आजही त्यांच्याच नावावरून मॅकॅडम म्हणतात, फक्त पाणी बाहेर काढण्याचा भाग आपण विसरतो.

डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे मीटरमागे साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर उतार देतात. साइडपट्टी मुरमाची असल्यामुळे तिच्यावरून पाणी सहज सरकत नाही, म्हणून तिला याहून थोडा अधिक उतार लागतो. प्रत्यक्षात तिथे दोन परस्परविरुद्ध बिघाड होतात. काही ठिकाणी गवत आणि वाहून आलेला गाळ साचत जाऊन पट्टी डांबरापेक्षा उंच होते. मग डांबरावरचे पाणी बांध घातल्यासारखे कडेलाच अडते. काही ठिकाणी याच्या उलट घडते. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो, पण पट्टीवर मुरूम टाकायचा राहून जातो, आणि दोन-तीन थरांनंतर डांबराची कड वीतभर उंच पायरीसारखी उघडी पडते. पहिला बिघाड रस्ता आतून कुजवतो आणि दुसरा माणसे मारतो, असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगत असे.

दुसऱ्याबद्दल जरा स्पष्ट करतो. वाहनाचे एक चाक चुकून त्या पायरीखाली उतरले की चालक घाबरून स्टिअरिंग रस्त्याकडे वळवतो. टायरची बाजू पायरीला घासत राहते, चाक वर चढत नाही, म्हणून तो आणखी वळवतो. आणि चाक एकदम वर चढते तेव्हा आधीच जास्त वळलेले असल्यामुळे वाहन सरळ समोरच्या बाजूला जाते. अमेरिकेत यावर उपाय म्हणून डांबराची कड उभी न ठेवता सुमारे ३० अंशांच्या उतारात दाबून घेण्याची पद्धत निघाली आहे. त्यासाठी डांबर पसरणाऱ्या यंत्राला एक पाते जोडतात, बाकी काम तेच. हे करणे शक्य नसेल तर निदान थर झाल्याबरोबर पट्टी भरून, पाणी मारून, दाबून घेणे हा कामाचाच भाग धरला पाहिजे.

प्रतिसाद २

चरांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ज्याला ज्याला शेतात किंवा घरात वाहन न्यायचे असते तो आपल्या फाटकासमोरचा चर मातीने बुजवतो आणि खाली नळा टाकायचे टाळतो. एकट्याच्या दृष्टीने तो चार मीटरचा भराव असतो. पाण्याच्या दृष्टीने तो बंधारा असतो. वरच्या अंगाला पन्नास पावलांवर खड्डा पडला की तोच मनुष्य सर्वांत मोठ्याने ओरडतो. हे मी दुसऱ्यांबद्दल लिहीत नाही. आमच्या फाटकासमोरचा चर वडिलांनी बुजवला होता, आणि तो उकरून त्यात नळा टाकायला मला बारा वर्षे लागली.

प्रतिसाद ३

मूळ लेखाचा सूर मला पटला नाही. पाणी आणि उभ्या मोटारी यांच्यावर दोष टाकून आपण खऱ्या कारणाला मोकळे सोडतो, आणि ते कारण म्हणजे भरमसाट लादलेली अवजड वाहने. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ऑटवा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या वळशांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत फिरवून रस्त्याची झीज मोजली गेली. त्या चाचणीतून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याचे नुकसान आसावरील (दोन बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरील) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे आसावरचा भार दुप्पट झाला तर नुकसान सोळा पट होते. एक टनाचा आस असलेल्या मोटारीच्या तुलनेत दहा टनांचा आस या हिशेबाने दहा हजार पट नुकसान करतो. असे असताना कडेला तासभर उभ्या राहणाऱ्या छोट्या मोटारीला जाब विचारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे आहे.

प्रतिसाद १ देणाऱ्यांचे उत्तर

आपण दिलेला ठोकताळा बरोबर आहे आणि मी तो नाकारत नाही. पण रस्त्याच्या मध्यावरून जाणाऱ्या चाकाला चारही बाजूंनी आधार असतो. कडेवरच्या चाकाला एका बाजूने काहीच नसते. समोरून वाहन आले की अरुंद रस्त्यावर तोच दहा टनांचा आस नेमका कडेवर ढकलला जातो, आणि साइडपट्टी भिजलेली किंवा खचलेली असेल तर डांबराचा तुकडा बिस्किटासारखा मोडतो. कडेला मोटार उभी असेल तर समोरच्या बाजूचा ट्रक आणखी बाहेर जातो. म्हणजे आपली छोटी मोटार स्वतः काहीही मोडत नाही, पण दुसऱ्याला मोडायला भाग पाडते. भार, पाणी आणि कड यांपैकी एकच गुन्हेगार निवडायचा असेल तर निवडता येईल, परंतु दुरुस्ती करणाऱ्याला तिघांशीही व्यवहार करावा लागतो.

प्रतिसाद ४

पार्किंगबद्दल माझे मत वेगळे आहे. ‘येथे वाहने उभी करू नयेत’ असा फलक लावणे फार सोपे असते, आणि म्हणूनच तो सगळीकडे लावलेला असतो. मात्र ती वाहने मग कुठे उभी राहावीत, हे त्या फलकावर कुठेही लिहिलेले नसते. गावात माणसे थोड्या वेळासाठी आणि ठरावीक जागी थांबतात: शाळा सुटताना, दवाखान्यासमोर, बसथांब्यापाशी. जागा ठरलेल्या असल्यामुळेच सोय करणे अवघड नाही. रस्त्याच्या एकाच बाजूला, डांबराच्या कडेपासून थोडे आत, खडी टाकून दाबलेली आणि चराला धक्का न लावणारी पाच-सहा वाहनांची पट्टी केली तरी पुष्कळ फरक पडतो. दोन्ही बाजूंना वाहने लावू देणे ही सर्वांत वाईट सोय, कारण तेव्हा उरलेल्या अरुंद वाटेत समोरासमोरची वाहने, सायकली आणि मुले एकत्र येतात.

एक गोष्ट मात्र तडजोडीची नाही. फाट्याच्या तोंडाशी, वळणाच्या आतल्या बाजूला आणि अरुंद पुलाच्या दोन्ही टोकांना एकही वाहन उभे राहता कामा नये. तिथे उभे वाहन जागा तर अडवतेच, पण त्याहून अधिक दृष्टी अडवते. मुख्य रस्त्यावर येणाऱ्याला समोरचे दिसावे म्हणून तो मोटारीचे नाक पुढे काढतो, आणि दिसते तेव्हा तो आधीच रस्त्यात असतो. वळणाच्या आतल्या बाजूचे वाढलेले कुंपण आणि उंच पीकही हेच करते, हे ओघाने सांगतो.

प्रतिसाद ५

वरच्या मुद्द्याला एक उपप्रश्न आहे. उभ्या वाहनांमुळे रस्ता अरुंद होतो आणि भरधाव जाणारे थोडे दबकतात, असा माझा अनुभव आहे. सगळी वाहने हटवून रस्ता मोकळा आणि रुंद केला तर वेग वाढणार नाही का?

प्रतिसाद ४ देणाऱ्यांचे उत्तर

वाढेल, आणि ही शंका रास्त आहे. मोकळा सरळ रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. पण वेग कमी करण्यासाठी उभ्या मोटारींची भिंत वापरणे म्हणजे त्या भिंतीआडून धावत येणाऱ्या मुलाला पणाला लावणे आहे. मोटारीच्या नाकापेक्षा बुटके मूल चालकाला दिसत नाही आणि मुलालाही येणारे वाहन दिसत नाही. रस्ता अरुंदच ठेवायचा असेल तर रंगवलेली कडेची रेघ, गावाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत घेतलेली कड, किंवा एका वेळी एकच वाहन जाईल असा छोटा टप्पा, या गोष्टी तेच काम दृष्टी न अडवता करतात.

प्रतिसाद ६

वेगाचा विषय निघालाच आहे तर थोडा हिशेब मांडतो, कारण ‘वीस किलोमीटरने असा काय फरक पडतो’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. समोर काही आले हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन त्या दीड सेकंदात सुमारे १७ मीटर जाते आणि कोरड्या, चांगल्या डांबरावर आणखी ९ मीटरांत थांबते, म्हणजे एकूण २६ मीटर. ताशी ६० वेगाचे वाहन त्याच दीड सेकंदात २५ मीटर जाते आणि थांबायला पुढे २० मीटर घेते, म्हणजे एकूण ४५ मीटर. आता दोन्ही वाहने शेजारी शेजारी कल्पून पाहा. पहिले वाहन जिथे पूर्ण थांबलेले आहे, तिथे दुसऱ्याच्या चालकाने ब्रेकवर नुकताच पाय ठेवलेला आहे आणि त्याचा वेग अजून जवळजवळ साठच आहे. त्या जागी एखादे मूल असेल तर एकाच्या बाबतीत घाबरगुंडी आणि दुसऱ्याच्या बाबतीत मृत्यू, एवढा तो फरक आहे.

ओल्या रस्त्यावर, आणि विशेषतः साइडपट्टीवरची माती डांबरावर पसरलेली असेल तर, ही अंतरे आणखी वाढतात. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये रस्त्यावर कोणाचाही जीव जाऊ नये हे धोरण स्वीकारले. त्या विचारात वेगमर्यादा रस्त्याच्या रुंदीवरून न ठरवता धडक बसल्यास माणसाचे शरीर काय सोसू शकते यावरून ठरवायची असते. म्हणूनच जिथे पायी चालणारे आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली जाते, आणि रस्ता सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही तोच आकडा आहे. गावातून जाणाऱ्या रस्त्याचा वस्तीतला भाग बहुधा एक किलोमीटरही नसतो. तो साठऐवजी तीसने पार करण्यात फक्त एक मिनिट जास्त जाते.

प्रतिसाद ७

फलकाने वेग कमी होत नाही, गतिरोधकाने होतो. प्रत्येक फाट्यावर एक-एक घालावा, विषय संपला.

प्रतिसाद १ देणाऱ्यांचे उत्तर

विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. ब्रिटनमधील परिवहन आणि रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात गतिरोधकांच्या आकारांवर प्रयोग झाले, आणि त्यातून पुढे आलेला आकार होता वाहन जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच, वर्तुळाच्या कमानीसारखा. ३.७ मीटर म्हणजे जवळपास एका छोट्या मोटारीची लांबी. आपण मात्र हातभर रुंदीचा आणि वीतभर उंचीचा डांबराचा बांध घालतो. तो भरधाव मोटारीला एकच झटका देतो, पण दुचाकीस्वाराला पाडतो आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल करतो. शिवाय तो कडेपर्यंत नेला तर पाणी अडते, आणि कड सोडून थांबवला तर दुचाकीवाले त्या फटीतून साइडपट्टीवर उतरतात, म्हणजे पुन्हा चालणाऱ्याच्या अंगावर येतात. योग्य आकार, आधी फलक, अंधारात दिसणारा रंग आणि पाण्याला वाट, यांपैकी एकही वगळायचे असेल तर गतिरोधक नसलेला बरा.

प्रतिसाद ८

रात्रीबद्दल लिहितो. दिवे नसलेल्या रस्त्यावर मंद झोतात गडद कपड्यांतला माणूस फार उशिरा दिसतो, आणि वर दिलेला ४५ मीटरांचा हिशेब पाहता साठच्या वेगातला चालक बहुधा दिसण्याच्या अंतरात थांबूच शकत नाही. म्हणून पदपथ नसेल तिथे येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे. पाठीमागून येणारे वाहन आपल्याला दिसत नाही, समोरून येणारे दिसते आणि वेळ पडल्यास चरात उडी तरी मारता येते. मात्र वळण असेल आणि वळणाच्या आतली बाजू झाडीने झाकलेली असेल तर तेवढ्यापुरते बाहेरच्या बाजूला जाणे शहाणपणाचे.

मागे दिवा किंवा चमकपट्टी नसलेली ट्रॉली रात्री कडेला उभी करून ठेवणे हा माझ्या मते या संपूर्ण धाग्यातला सर्वांत मोठा अपराध आहे. तशीच दुसरी सवय म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर माणसे बसवणे. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी आयर्लंडमधील पार्सन्सटाउन येथे मेरी वॉर्ड या सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासक महिला नातलगांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीतून जात असताना वळणावर बाहेर फेकल्या गेल्या आणि त्याच गाडीच्या चाकाखाली सापडून गेल्या. यंत्रावर चालणाऱ्या वाहनाच्या अपघातातील पहिल्या ज्ञात बळींमध्ये त्यांचे नाव घेतात. खडबडीत कड आणि वळण एकत्र आले की पत्र्यावर बसलेला माणूस आजही नेमका तसाच खाली जातो.

प्रतिसाद ९

दुरुस्तीच्या कामाबद्दल प्रतिसाद १ कडून अधिक ऐकायला आवडेल. आमच्याकडे खड्ड्यात खडी-डांबर ओतून फावड्याने थोपटतात आणि पुढच्या पावसात ते ठिगळ अख्खे बाहेर येते. हे नेमके का होते?

प्रतिसाद १ देणाऱ्यांचे उत्तर

कारण ते ठिगळ कशालाही चिकटलेले नसते. खड्ड्याची कड सैल असते, तळाशी चिखल असतो आणि वर मऊ माल असतो. पद्धत अशी आहे की खड्ड्याभोवती घट्ट डांबर लागेपर्यंत सरळ रेषेत कापून चौकोन करायचा, बाजू उभ्या ठेवायच्या, आतले पाणी आणि भुगा पूर्ण काढायचा, तळाला आणि बाजूंना पातळ डांबराचा हात द्यायचा आणि मगच माल भरायचा. खड्डा खोल असेल तर एकाच वेळी न भरता थराथराने दाबायचा, आणि शेवटचा थर दाबल्यानंतर आजूबाजूपेक्षा किंचित वर राहील इतका ठेवायचा, कारण चाकांखाली तो आणखी थोडा बसतो. गरम माल थंड झाल्यावर दाबला तर दबत नाही. आतली पोकळी तशीच राहते आणि तिच्यात पाणी शिरते. भर पावसात काम करणे भाग असेल तर थंड मिश्रण वापरावे, पण तेही साचलेले पाणी काढल्याशिवाय टाकण्यात अर्थ नाही.

हे सगळे नीट केले आणि कडेचा चर तुंबलेलाच ठेवला, तर ठिगळ टिकेल आणि त्याच्या शेजारी नवा खड्डा पडेल. मी स्वतः असे ठिगळाला लागून ठिगळ पाच वर्षे भरले आहे. सहाव्या वर्षी कोणीतरी वरच्या अंगाची मोरी साफ केली आणि माझे काम बंद पडले.

नळाच्या किंवा तारेच्या कामासाठी रस्ता आडवा खोदला जातो, तिथेही हाच नियम. उकरलेली ओली माती तशीच ढकलून वर डांबर फासले की काही महिन्यांत तिथे आडवी घळ तयार होते. माती सुमारे पंधरा सेंटीमीटरच्या थरांनी दाबत भरणे, एवढेच करायचे असते. कंटाळवाणे काम आहे, आणि वर डांबर आल्यावर ते कोणाला दिसतही नाही.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. अवजड वाहनांबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे, आणि मूळ लेखात तो यायला हवा होता. चर्चेतून मला एक व्यावहारिक गोष्ट सुचली आहे. तक्रारअर्जात ‘रस्ता खराब आहे’ असे न लिहिता जोरदार पाऊस थांबल्यावर तासाभराने रस्त्याने पायी जावे आणि पाणी जिथे अजून उभे असेल ती प्रत्येक जागा जवळच्या खांबापासून किंवा मोरीपासून पावलांनी मोजून लिहावी. त्याच जागी कडेची पायरी किती सेंटीमीटर आहे, चर कशाने अडला आहे आणि तिथे दिवसाच्या कोणत्या वेळी वाहने उभी असतात, हेही त्याच ओळीत लिहावे. असा एकच तक्ता तिन्ही टेबलांवर दिला तर निदान ‘हा आमचा विषय नाही’ असे म्हणताना समोरच्याला उरलेले दोन रकाने वाचावे लागतील. तक्ता देण्याआधी रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे याची लेखी विचारणा करावी, नाहीतर पहिले सहा महिने त्यातच जातात.

प्रतिसाद २ देणाऱ्यांचे उत्तर

त्या तक्त्यात फाटकासमोरच्या भरावांचाही एक रकाना ठेवावा, आणि त्याची सुरुवात तक्ता करणाऱ्याच्या फाटकापासून करावी. आमचा नळा टाकून झाला आहे, पण मागच्या आठवड्यात पाहिले तर त्याचे तोंड पुन्हा पाल्याने अर्धे भरले होते. उद्या सकाळी काढतो.